देवकी आठवा की!
रीमा लागू म्हणजे कायम सोशिक, डोळे पुसणारी आई, असं तुम्ही बरेच जण म्हणता. सिनेमापुरतं ठीक. (तिथेही गंमतच. १९८९ च्या 'मैंने प्यार किया'मध्ये त्या जेमतेम ३१ च्या, आणि त्यांचा मुलगा झालेला सलमान त्यांच्याहून सातच वर्षांनी लहान!) पण 'तू तू मैं मैं' या टीव्ही मालिकेतली त्यांची सासू, देवकी, कशी विसरलात? सुनेशी, म्हणजे सुप्रिया पिळगांवकरशी भांडतानाचं ते टायमिंग!

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आजी भर मे महिन्यात कूलर बंद करायला लावायची, त्याच्या घरघरीत देवकीचे टोमणे ऐकू येत नाहीत म्हणून. आम्ही घामाघूम. आई तेवढा वेळ मुद्दाम स्वयंपाकघरात, पण हसायच्या दोघी एकदमच.