मदत हवी आहे: पावतीच्या पीडीएफमध्ये ‘कविता’ची ‘किवता’ होतेय

चऱ्होलीकर:
पुण्यातल्या एका सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या पायथनवर निघतात. आतापर्यंत पीडीएफ बनवणारी लायब्ररी एफपीडीएफ १.७.२ होती, फॉन्ट नोटो सान्स देवनागरी. ही जुनी लायब्ररी अक्षरं साठवलेल्या क्रमानंच छापते, त्यामुळे ‘कविता’तली पहिली वेलांटी व-ऐवजी ता-ला चिकटलेली दिसायची. त्यावर तोडगा म्हणून ‘इकार_सरकव’ नावाचं फंक्शन आहे: रेजेक्सनं (मजकुरातला नमुना शोधून बदलायची पद्धत) व्यंजन किंवा जोडाक्षर आणि त्यानंतरची ि शोधायची आणि ि उचलून आधी ठेवायची. जोडाक्षरं पाय मोडूनच छापली जायची.

आता एफपीडीएफ२ ची २.८ मालिका घेतली आणि टेक्स्ट शेपिंग (अक्षरं जोडून योग्य जागी मांडणं) चालू केलं. जोडाक्षरं झकास आली, पण ‘कविता’ची ‘किवता’ झाली आणि ‘मिलिंद’च्या आधी ठिपक्यांचं वर्तुळ येतंय. फंक्शन काढून पाहिलं तर बहुतेक पावत्या बरोबर, पण काही जुन्या सभासदांची नावं अजून तशीच. ‘चऱ्होली’चं ‘चर्होली’ होतंय ते वेगळंच. फॉन्ट बदलू का?

नळस्टॉप:
फॉन्टला हात लावू नका, त्याचा दोष नाही. शेपिंग चालू केलं की वेलांटी सरकवायचं काम हार्फबझ हे शेपिंगचं इंजिन करतं आणि त्याला मजकूर युनिकोडच्या क्रमातच लागतो, म्हणजे आधी व्यंजन, मग ि. तुम्ही आधीच सरकवलेला मजकूर दिलात. ‘किवता’ त्याच्या दृष्टीनं नीट लिहिलेला शब्द आहे, म्हणून निमूट छापला. ‘मिलिंद’मध्ये ि शब्दाच्या सुरुवातीला आली, तिला टेकायला व्यंजन नाही, म्हणून वर्तुळ. तेव्हा वर्तुळ दिसत नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका.

आधी ‘पिप लिस्ट’ (बसवलेल्या पॅकेजेसची यादी) बघा. एफपीडीएफ आणि एफपीडीएफ२ ही दोन वेगळी पॅकेजेस आहेत, पण इम्पोर्टचं नाव एकच. दोन्ही एकत्र असतील तर दोन्ही अनइन्स्टॉल करा आणि मग फक्त एफपीडीएफ२ टाका. नुसतं जुनं काढलंत तर सामाईक फोल्डरातल्या नव्याच्या फायलीही जातील. यूहार्फबझ (हार्फबझचं पायथन पॅकेज) आपोआप येत नाही, ते रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये वेगळं लिहा. नाहीतर तुमच्या लॅपटॉपवर चालेल आणि सर्व्हरवर शेपिंगच्या ओळीलाच एक्सेप्शन येईल.

सेट_टेक्स्ट_शेपिंगला लिपी ‘डीईव्हीए’ आणि भाषा ‘एमआर’ द्या (अर्थात रोमन अक्षरांत). फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतील तर ते भाषा सांगितल्यावरच येतात. अॅड_फॉन्टमधला ‘युनि’ हा पर्याय काढून टाका, नव्या आवृत्तीत त्याला अर्थ नाही. फॉन्टशेजारी जुन्या लायब्ररीनं केलेल्या पीकेएल फायली पडल्या असतील, त्याही उडवा.

कमिट (गिटमध्ये बदलांची नोंद) दोनच करा. पहिल्यात फक्त लायब्ररी बदला, शेपिंग बंद, तोडगा जागेवर. पावती जुन्यासारखीच दिसायला हवी. दुसऱ्यात शेपिंग चालू आणि तोडगा बाहेर, एकाच वेळी. यातलं एकच केलंत तर मधली अवस्था मोडकीच असणार.

अर्धा_र:
‘चऱ्होली’चं दुखणं वेगळं. हा र दोन प्रकारे टाइप होतो: ऱ (यू+०९३१) आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह, यू+२००डी). जुन्या लायब्ररीत झेडडब्ल्यूजेचा चौकोन छापला जायचा म्हणून कोणीतरी तो गाळणारी ओळ घातली असेल. तो गेला की उरतं र् आणि ह, त्याचा रफारच होणार. यू+२००डी शोधा आणि ती रिप्लेसची ओळ काढा.

चऱ्होलीकर:
सापडली, बरोबर ‘इकार_सरकव’च्याच शेवटी होती. आणि जुन्या नावांचा उलगडाही झाला: सभासद नोंदणीच्या फॉर्ममध्ये हे फंक्शन सेव्ह करण्याआधी लावलंय, म्हणजे डेटाबेसमध्येच ‘िमिलंद’ आहे. उलटा रेजेक्स (ि पुन्हा व्यंजनानंतर ठेवणारा) सगळ्या टेबलवर चालवू का?

जुनी_पेठ:
मुळीच नको. चांगल्या ‘किरण’चा ‘करिण’ होईल. आधी बॅकअप घ्या आणि दुरुस्त नाव वेगळ्या कॉलममध्ये लिहा.

ि च्या लगेच आधी व्यंजन किंवा नुक्ता नसेल तर ती नोंद नक्की बिघडलेली. यात शब्दारंभीची ि येते, ‘मालिनी’चं झालेलं ‘मािलनी’ येतं, ‘अनिल’चं ‘अिनल’ही येतं. (सावरकरांच्या बाराखडीत, म्हणजे ‘इ’ऐवजी ‘अि’ लिहिणारा सभासद असेल तर तेवढा वगळा.) लागोपाठ दोन ि दिसल्या तर ते फंक्शन त्या नोंदीवर दोनदा चाललंय, उलटा रेजेक्सही दोनदा लागेल.

‘सविता’ची ‘सिवता’ मात्र या चाळणीतून निसटते. त्यासाठी फॉर्ममध्ये ते फंक्शन कधीपासून कधीपर्यंत होतं ते गिट ब्लेम आणि लॉगमधून (कोडमधल्या बदलांच्या इतिहासातून) काढा, त्या काळातल्या नोंदींमधली ि असलेली उरलेली नावं छापा आणि डोळ्यांनी तपासा. सोसायटीच्या यादीला अर्धा तास पुरतो.

नळस्टॉप:
आणि ओळीची रुंदी मोजताना कुठे ०.८५ सारखा गुणक लावलाय का तेही पाहा. पाय मोडलेली अक्षरं जास्त जागा खायची, म्हणून असले गुणक घुसतात. शेपिंगनंतर रुंदी जोडाक्षरं धरूनच मोजली जाते, गुणक राहिला तर मजकूर चौकटीबाहेर जाईल.

तपासणीला हे शब्द एका पानावर छापून बघा: पिंपरी, चिंचवड, विश्रांतवाडी, चऱ्होली, कार्तिकी, क्षितिज, स्त्रिया, ज्ञानेश्वर. ठळक अक्षरांतही छापा, ठळक फॉन्टची फाइल वेगळी जोडावी लागते.

चऱ्होलीकर:
गुणक होता, ०.९. काढला. फॉर्ममधलं फंक्शन आधी बंद केलंय, आता नावं तपासायला बसतो.