वजनकाट्यासमोर रांग एक असावी की दोन?

प्रश्न (वाळवा तालुका, सांगली):
गाळप हंगामात आमच्याकडील कारखान्यावर दोन वजनकाट्यांसमोर ट्रॅक्टरच्या दोन स्वतंत्र रांगा लागतात आणि तोडलेला ऊस तासन्‌तास उन्हात राहून वजन व उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) दोन्ही घटतात. एकच रांग केल्यास खोळंबा कमी होईल का?

उत्तर १:
नक्कीच होईल. एका काट्यावर ट्रॉली अडकली तरी पुढचे वाहन मोकळ्या काट्याकडे जाते; स्वतंत्र रांगांत मात्र एक काटा रिकामा असतानाही दुसरीकडे गाड्या तिष्ठत राहतात. काही संगणक प्रणालींतही अनेक प्रोसेसरना एकाच सामाईक रांगेतून कामे देतात, ती याच कारणाने.

उत्तर २:
रांग जोडणे योग्यच, पण तेवढ्याने भागणार नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील ए. के. एर्लांग यांच्या १९०९ च्या निबंधापासून वाढत गेलेले रांगांचे शास्त्र सांगते की, गाड्या अनियमित येत असतील आणि वजनाचा वेळही कमीजास्त होत असेल, तर एकाच काट्याच्या साध्या गणितात काटा ८० टक्के व्यग्र असताना सरासरी प्रतीक्षा एका वजनाच्या वेळेच्या चौपट असते, ९० टक्क्यांना ती नऊपट होते. त्यामुळे तोडणीचे नियोजन करतानाच गाड्यांच्या वेळा विभागून द्याव्यात, असा आग्रह शेतकऱ्यांनी धरला पाहिजे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. दोन्ही सूचना कारखान्याच्या शेती विभागाकडे लेखी देतो.