खोली आधी की अंक आधी?

भुसावळ_अपडाऊन
काल अभ्यासिकावाले नानांनी लिहिलं: "जळगावात क्विअर, म्हणजे समलिंगी-पारलिंगी पोरांसाठी खोली पाहिजे म्हणणाऱ्यांनी आधी भाडं भरून दाखवावं. मोबाईलवर सगळे भेटतातच. आणि झीन, म्हणजे हाताने घडवलेला छोटा अंक, काढायची हौस असेल तर पुण्यात काढा, इथे कोण वाचतं?" वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

नाना, मी तीन वर्षं भुसावळ-जळगाव अपडाऊन केलं. घरात मोबाईल एकच, त्यावर धाकटा भाऊ गेम खेळायचा. त्यात मला कोण भेटणार होतं? 6 सप्टेंबर 2018 ला समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा कलम 377 चा निकाल लागला तेव्हा मी डब्यात दाराशी उभा होतो. एक जण मोठ्याने बातमी वाचत होता आणि अख्खा डबा हसत होता. मीही हसलो. ते हसणं अजून घशात अडकलंय.

नंतर एका मैत्रिणीच्या माडीवर आम्ही पाच जण जमायला लागलो. ए-फोर कागदाचे आठ भाग पडतील अशा घड्या घालायच्या, निम्मा दुमडून मधोमध एकच काप द्यायचा, की पिन न मारता आठ पानांचं पुस्तक होतं. झेरॉक्स दोन रुपयाला एक. हात कामात, नजर कागदावर. कुणी कुणाला "तू कोण" असं विचारलं नाही. तिसऱ्या रविवारी एक जण मान वर न करता म्हणाला, "मला मुलगा आवडतो." शेजारच्याने नखाने घडी दाबत विचारलं, "कोण, आपल्याच कॉलेजातला?" बस. एवढंच. हे मोबाईलवर होत नाही, नाना. आणि नुसती खोली दिली असती तरी झालं नसतं. "गप्पा मारायला या" म्हटलं असतं तर पाचातले चार आलेच नसते. कागद होता म्हणून आले.

मैत्रिणीचं लग्न झालं, माडी गेली. मग अंकही बंद पडला.

अभ्यासिकावाले_नाना
भो, तू माझ्यावर घसरलास, पण मागच्या वर्षी खोली मीच दिली होती हे कुणाला माहीत आहे का? तुझ्या नंतरचीच पोरं होती ती. दोन रविवार बसली. दुसऱ्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातल्या चपला मोजल्या. "अकरा जोड, त्यात पोरींचेही. वर चाललंय काय?" माझ्याकडे एमपीएससीची साठ पोरं बसतात. सोमवारी तीन बापांचे फोन आले. जागा माझी नाही, मी भाडेकरू आहे. उद्या मालकाने कुलूप लावलं तर त्या साठ पोरांनी जायचं कुठे? शेतं विकून आलेली पोरं आहेत ती.

शिवाय नियतकालिकाला नोंदणी लागते. 2023 चा नवा कायदा आहे. माझ्या पत्त्यावर अंक निघाला तर नोटीस मला येणार.

भुसावळ_अपडाऊन
तो कायदा नियमितपणे निघणाऱ्या आणि सार्वजनिक घडामोडींच्या बातम्या-भाष्य छापणाऱ्या नियतकालिकांसाठी आहे. सुचेल तेव्हा काढलेल्या आठ पानी कवितांना तो लागत नाही. भीती चपलांची आहे, तर चपलांचंच बोला.

धुळेकर_मास्तर
दोघंही मूळ मुद्दा सोडताय. कागदावरचा अंक ही काही बाहेरून आलेली फॅशन नाही. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढायचे. मुंबईत 1950 च्या दशकात 'शब्द' हे कवींचं लघुनियतकालिक सायक्लोस्टाईलवर निघालं. समलिंगींसाठी 'बॉम्बे दोस्त' 1990 ला निघाला, तेव्हा कुणाकडे मोबाईल होता? पण तुमच्या झीनची भाषा बघितली. "अवकाश", "ओळख", "अभिव्यक्ती"! हे आपल्या गावात कोण बोलतं? बहिणाबाईंच्या अहिराणीत लिहा, मग बघा कोण वाचत नाही ते.

लेवा_पोर
मास्तर, थांबा. बहिणाबाईंची अहिराणी? त्या आसोद्याच्या. त्यांची बोली लेवा गणबोली. अहिराणीत "मनी माय" म्हणतात, बहिणाबाई "माझी माय" म्हणतात. एवढा साधा फरक शिक्षकाला कळू नये? प्रत्येक भाषणात आमची बोली अहिराणीच्या नावावर चढवतात, ऐकून ऐकून कान किटले.

धुळेकर_मास्तर
मी तीस वर्षं वर्गात शिकवलंय. खान्देशाची बोली म्हणून व्यापक अर्थाने म्हणालो. तुम्हाला प्रत्येक गोष्टीत जात दिसते.

लेवा_पोर
जात मी काढलेली नाही, बोलीचं नाव घेतलं. व्यापक अर्थाने म्हणे! नंदुरबारच्या पावरी-भिलीलाही व्यापक अर्थाने अहिराणीच म्हणाल का? माझी आजी वारली तेव्हा तिच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या नव्हत्या. आता मला त्यातली दीड ओवी आठवते. म्हणून बोलतोय.

भुसावळ_अपडाऊन
तेच तर! बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलाने वहीत उतरवून घेतलं, म्हणून 1952 ला पुस्तक आलं. कुणीतरी शेजारी बसून लिहून घ्यावं लागतं.

धुळेकर_मास्तर
ते मान्य. पण बोलीचा मुद्दा मी सोडलेला नाही.

सावदा_फाटा
मी पारलिंगी आहे, साडी नेसते, बाजारात मागते. एवढं वाचलं, पण आमचं नाव एकानेही काढलं नाही. तुम्हाला लपायला खोली पाहिजे. मला लपताच येत नाही. 2014 ला सुप्रीम कोर्टाने आम्हाला तृतीय लिंग म्हणून मान्यता दिली, 2024 ला रावेरमधून आमच्यातल्या शमिभा पाटील विधानसभेला उभ्या राहिल्या, तरी माझ्यासारखीला तुमच्या माडीवर कुणी बोलावलं होतं का? आणि मास्तर, बोलीत लिहा म्हणता, तर बोलीत माझ्यासाठी शब्द कोणता आहे ते सांगा. मला फाट्यावर रोज ऐकू येतात ते सोडून.

भुसावळ_अपडाऊन
ताई, नव्हतं बोलावलं. तुम्ही आलात तर आमच्यावर नजर जाईल अशी भीती होती. चूक आमची.

सावदा_फाटा
खरं बोललास, ठीक. पण याने माझा राग गेला असं समजू नकोस.

लेवा_पोर
ताई, शब्द नाही हे खरं. आजीच्या ओव्यांतही तुमच्यासारखं कुणी होतं का, मला माहीत नाही. तुम्ही जे बोलाल ते मी लिहून घेईन. तुमच्याच बोलीत, व्याकरण न सुधारता.

धुळेकर_मास्तर
ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. अहिराणीत "मी आठे शे" म्हणतात, मी इथे आहे. पहिल्या पानावर तेवढं टाका. लेवा बोलीतलं दुसऱ्या पानावर टाका, माझी हरकत नाही.

लेवा_पोर
दुसऱ्या पानावर का?

अभ्यासिकावाले_नाना
तुमचं भांडण संपेपर्यंत खोली रिकामीच राहील. ऐका. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पोरांची सराव परीक्षा दुसरीकडे असते, दुपारी दोन ते पाच अभ्यासिका मोकळी असते. पाटी नाही, फोटो नाही, अंकावर माझा पत्ता नाही. पाचला आवरायचं, गावाकडच्या पोरींना एसटी मिळाली पाहिजे. सावद्याच्या ताईही येतील, काकूंशी काय बोलायचं ते मी बघतो. मी काल लिहिलेलं मागे घेतलेलं नाही. भाड्याचा प्रश्न तसाच आहे.

भुसावळ_अपडाऊन
भाडं आम्ही वर्गणी काढून देऊ, नाना. कात्री-कागद आमचा.

अभ्यासिकावाले_नाना
चपला आत घेऊन या. दाराच्या मागे जुना पेपर अंथरून ठेवतो.