रडारच्या पट्ट्यात मोबाइल: सेन्सरच्या भरवशावर वाटणी, की नकाशावर कायमची आखणी?

डेसिबल: अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्‌झ हा पट्टा नौदलाची रडार आणि मोबाइल मिळून वापरतात. २०१५ च्या नियमांनी तिथे उतरंड लावली: वर रडार, मग लिलावात घेतलेला प्राधान्य परवाना, तळाला परवाना न घेता होणारा सर्वसाधारण वापर. किनाऱ्यावरचे सेन्सर रडारची चाहूल घेतात आणि ‘सॅस’ नावाची मध्यवर्ती यंत्रणा बेस स्टेशनांना (मोबाइलच्या टॉवरांना) चॅनेल, म्हणजे पट्ट्यातला आपला तुकडा, सोडायला लावते. माझ्या मते हा खटाटोप परवडणारा नाही. २०२० च्या लिलावात इथल्या ७० मेगाहर्ट्‌झचे साधारण ४.६ अब्ज डॉलर आले. शेजारच्या ३४५०–३५५० मध्ये समन्वयाची क्षेत्रं (जिथे प्रक्षेपणाआधी लष्कराशी ठरवून घ्यायचं) सरळ नकाशावर आखून दिली, तर १०० मेगाहर्ट्‌झला २२ अब्जांहून जास्त मिळाले. बाजाराने कौल दिलाय.

पल्सवाला: कौल दिलाय, पण प्रक्षेपणाच्या शक्तीला. ३४५० च्या पट्ट्यात शहरातसुद्धा प्रति मेगाहर्ट्‌झ १६४० वॅट ईआयआरपी (अँटेनाच्या मुख्य दिशेने जाणारी परिणामी शक्ती) चालतो. सॅसच्या पट्ट्यात बाहेर बसवलेल्या मोठ्या बेस स्टेशनला १० मेगाहर्ट्‌झमध्ये ५० वॅट, म्हणजे प्रति मेगाहर्ट्‌झ ५. फरक ३२८ पटींचा! एका टॉवरचं काम तिथे कितीतरी छोट्या टॉवरांनी करावं लागतं, मग बोली कमी लागणारच. शिवाय कारखाने, बंदरं, गोदामं परवान्याविना जो वापर करतात तो लिलावाच्या आकड्यात येतच नाही.

डेसिबल: शक्ती कमी का ठेवली? रडारमुळेच ना?

आरएफ_निरीक्षक: या कमी शक्तीतही रडारपर्यंत किती पोचतं, याचं थोडं गणित मांडतो. १ मेगाहर्ट्‌झमध्ये औष्णिक नॉइज (उष्णतेमुळे कायम असणारा गोंगाट) -११४ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती; १० डीबी म्हणजे दहापट). रिसीव्हरचा स्वतःचा ३ डीबी धरला की -१११. रडारसाठी व्यत्यय सहसा नॉइजच्या ६ डीबी खाली ठेवतात, म्हणजे मर्यादा -११७. आता ३७ डीबीएम (वरचेच ५ वॅट) प्रति मेगाहर्ट्‌झ सोडणारं बेस स्टेशन १०० किलोमीटरवर ठेवा. मोकळ्या अवकाशातला ऱ्हास सुमारे १४४ डीबी, रडारच्या अँटेनाचा गेन (एका दिशेने एकवटल्याने मिळणारी वाढ) ३२ धरू. हातात येतात -७५. मर्यादेच्या ४२ डीबी वर, आणि हे एकाच बेस स्टेशनचं.

एरवी पृथ्वीची वक्रता आणि इमारती यातलं बरंच गिळतात. पण समुद्रावर बाष्पाचा डक्ट (लहरींना क्षितिजापलीकडे नेणारा हवेचा थर) तयार झाला की वक्रतेचा आडोसा जातो. नकाशा आखणाऱ्याला हा वाईट दिवस धरूनच रेघ ओढावी लागते. म्हणून तर २०१० च्या प्रस्तावातल्या बंदी क्षेत्रांत देशाची सुमारे ६० टक्के लोकसंख्या येत होती! २०१५ मध्ये ती क्षेत्रं ७७ टक्क्यांनी लहान केली, आणि सेन्सर आल्यावर उरलेल्या भागातही रडार नसताना प्रक्षेपण करता येऊ लागलं. ‘सरळ नकाशा’ म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब द्यावा.

आणि ६ डीबी खालचा व्यत्ययही फुकट नसतो. नॉइज १ डीबी वाढतो, रडारचा पल्ला चौथ्या मुळाने, म्हणजे पाच-साडेपाच टक्क्यांनी घटतो. पडद्यावर काहीच वेगळं दिसत नाही. क्षीण लक्ष्य उमटतच नाही, त्यामुळे तक्रार करायची हेही कुणाला कळत नाही.

चॅनेल१०० : ऐकून बाजूला होण्याचा प्रयोग ५ गीगाहर्ट्‌झच्या वायफायमध्ये झालाच आहे. चॅनेल घेण्याआधी ६० सेकंद ऐकायचं, रडार सापडलं तर १० सेकंदांत सोडायचं, ३० मिनिटं परत फिरकायचं नाही. कागदावर छान. प्रत्यक्षात कुणी राउटरमध्ये देशाचा कोड बदलतो (की दुसऱ्याच देशाचे नियम लागू), कुणी ही तपासणीच बंद करतो. २००९ मध्ये पोर्तो रिकोतल्या सॅन वानच्या विमानतळाजवळच्या हवामान रडारला याच वाटेने त्रास झाला.

पल्सवाला: तिथे ऐकायचं काम ज्याच्या त्याच्या उपकरणावर सोडलेलं, हाच तर दोष. सॅसमध्ये परवानगीशिवाय बेस स्टेशन बोलूच शकत नाही. मिळालेली परवानगीही हार्टबीटने (ठरावीक वेळाने सॅसला पाठवलेल्या संदेशाने) सतत नवी करावी लागते, नाहीतर रडारच्या परिसरात ती जास्तीत जास्त २४० सेकंदांत संपते. सेन्सरने रडार कळवल्यापासून ३०० सेकंदांत सॅसने चॅनेल रिकामं झाल्याची खात्री करायची, आणि आदेश पोचल्यावर उपकरणाने ६० सेकंदांत गप्प व्हायचं.

डेसिबल: तो सेन्सर मोबाइलच्या गोंगाटात बहिरा होऊ नये म्हणून त्याच्याभोवती शांत क्षेत्र राखावं लागतं, तेही नेमकं किनाऱ्यावरच्या शहरांत. रडार वाचवायला सेन्सर, सेन्सर वाचवायला बंदी क्षेत्र. नौदलाने रडारचं वेळापत्रक पोर्टलवर टाकावं, सेन्सर काढून टाका.

आरएफ_निरीक्षक: शांत क्षेत्राचा मुद्दा मान्य, तीच या रचनेची खरी किंमत आहे. पोर्टल मात्र इतकं सोपं नाही. जहाज कुठे आहे हे आगाऊ सांगणं नौदलाला रुचणार नाही. सेन्सरनेही रडारच्या हालचालीची नोंद साठवू नये असा नियम आहे, तो याचसाठी. विमानतळं, चाचणी मैदानं अशा ठरलेल्या जागांना पोर्टल चालेल, फिरत्या जहाजांना सेन्सर लागेल.

चॅनेल१०० : पण कुणाला हटवायचं हे सॅस ठरवते ती नोंदवलेल्या माहितीवरून. जागा आडवी ५० मीटर, उंची ३ मीटरच्या आत अचूक हवी. अँटेनाची दिशा १८० अंश चुकवून भरली, की समुद्राकडे तोंड केलेलं बेस स्टेशन हिशेबात जमिनीकडे पाहत असतं आणि हटवायच्या यादीत येतच नाही. प्रमाणित इन्स्टॉलर सक्तीचा असूनही पुढे कुणी अँटेना फिरवली तर नोंद बदलेलच याची हमी कोण देणार?