सीरमचा रामन स्पेक्ट्रम घेतेय, पीकऐवजी मोठा फुगवटा येतोय – मदत हवी आहे

फिजिक्सवाली_मिरज

नमस्कार मंडळी,
एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट असा, की डायबेटिस असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या सीरमवर (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव) लेझर टाकायचा, रामन स्पेक्ट्रम (रेणूंवरून विखुरताना रंग बदललेल्या प्रकाशाचा ग्राफ, त्यात पदार्थाचे पीक म्हणजे टोकं ठरलेल्या जागी येतात) घ्यायचा आणि दोन गटांत फरक दिसतो का ते बघायचं. सीरम एका पॅथॉलॉजी लॅबमधून मिळतं, तपासण्या झाल्यावर उरलेलं. एथिक्स कमिटीची परवानगी घेतलीय, नावं नाहीत, फक्त कोड नंबर. आमच्याकडं मशीन नाही, दुसऱ्या संस्थेत स्लॉट घेऊन जावं लागतं आणि तासावर पैसे आहेत, त्यामुळं तिथं बसून करून बघू असं चालत नाही, सगळं आधी ठरवून न्यावं लागतं.

आत्ता पद्धत अशी आहे: साध्या काचेच्या स्लाइडवर सीरमचा छोटा थेंब टाकते, वाळू देते, मग मायक्रोस्कोपखाली फोकस करून रीडिंग घेते. ७८५ नॅनोमीटरच्या लेझरवर साधारण १३००-१४०० वेव्हनंबरला (प्रति सेंटीमीटर, ग्राफचा आडवा अक्ष) एवढा मोठा फुगवटा येतो की १००४ चं फेनिलअ‍ॅलनिन (प्रोटीनमधलं अमिनो आम्ल) आणि १४५० चं सीएच-टू (प्रोटीन-लिपिडमधला अणुगट) सोडलं तर काहीच कळत नाही. ५३२ वर गेले तर तिथला तो फुगवटा जातो पण अख्खी बेसलाइनच (पीकखालची पायाची रेषा) तिरकी वर चढते, आणि तिच्यावर १००४, ११५७ आणि १५२० ला टोकदार पीक उभे राहतात, हे मात्र मस्त दिसतात. गाइड म्हणतात ग्लुकोजचा पीक ११२५ च्या आसपास शोध, तो मला कुठेच दिसत नाहीये.

म्हणजे प्रश्न असे की हा फुगवटा सीरमचाच आहे का, सॉफ्टवेअरमध्ये बेसलाइन वजा करून टाकली तर चालेल का, आणि दोन्हीतला कोणता लेझर धरू? पुढचा स्लॉट जवळ आलाय, लवकर कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

वर्णपट

आधी एक गोष्ट सांगा, नुसत्या स्लाइडचं रीडिंग घेतलंय का? थेंब न टाकता, तोच लेझर, तीच पॉवर, तेवढाच वेळ. माझा अंदाज असा की ७८५ वरचा फुगवटा काचेचा आहे, सीरमचा नाही. साध्या काचेत ज्या अशुद्धी असतात त्या ७८५ ने चमकतात आणि ती चमक बरोब्बर १३८० च्या आसपास येऊन बसते.

हे कागदावर पण तपासता येतं. ७८५ नॅनोमीटर म्हणजे १२७३९ वेव्हनंबर, त्यातून १३८० वजा केले की ११३५९, म्हणजे ८८० नॅनोमीटर. खरा रामन पीक असेल तर लेझर बदलला तरी शिफ्ट (लेझरपासूनचं वेव्हनंबरातलं अंतर) तोच राहतो, १००४ चा पीक दोन्हीकडे १००४ लाच येणार. फ्लोरोसन्स, म्हणजे ही चमक, तसा नसतो, तो लेझरशी बांधलेला नाही, आपल्या ठरलेल्या नॅनोमीटरलाच येतो. ५३२ च्या लेझरवर १३८० चा शिफ्ट म्हणजे ५७४ नॅनोमीटर, ८८० पासून कितीतरी लांब, म्हणून तिथे तुम्हाला तो फुगवटा दिसला नाही. ग्राफचा एक्स-अक्ष एकदा नॅनोमीटरमध्ये काढून बघाच, खूप गोष्टी सुटतात.

जाता जाता, हा प्रश्न विषयाच्या जन्माइतकाच जुना आहे. कलकत्त्यात रामन यांच्या लॅबमध्ये १९२३ मध्ये त्यांचे सहकारी रामनाथन यांना पाण्यात हाच रामन परिणामाचा क्षीण प्रकाश दिसला होता आणि तेव्हा तो अशुद्धीमुळे येणारा फ्लोरोसन्स समजला गेला, पाणी पुन्हापुन्हा शुद्ध केलं तरी तो जाईना. ते वेगळंच काहीतरी आहे हे पक्कं व्हायला १९२८ उजाडलं. तेव्हा आपल्यासमोर जे येतंय ते रामन की फ्लोरोसन्स, हे विचारायची सवय आत्ताच लावून घ्या.

उपाय: कॅल्शियम फ्लोराइडची चकती उत्तम, तिचा एकच पीक ३२१ ला येतो, तुमच्या कामाच्या भागात काही नाही. पण महाग. नाहीतर स्लाइडवर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल सुरकुती न पडू देता ताणून चिकटवा आणि थेंब तिच्यावर वाळवा. फॉइलची बॅकग्राउंड जवळजवळ सपाट येते, अनेक जण हेच वापरतात.

रक्तपेढीकर

मी लॅब टेक्निशियन, लेझरमधलं कळत नाही पण सीरमचं सांगतो ताई. उरलेलं सीरम म्हणजे ते किती वेळ पडून होतं ते तुम्हाला माहीत आहे का? सेल्सवरून सीरम वेगळं करायला उशीर झाला तर पेशी ग्लुकोज खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के कमी होत जातं, म्हणून तर शुगरसाठी आम्ही फ्लोराइडची ग्रे ट्यूब घेतो. तुमच्याकडे येतं ते बहुतेक लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं असणार, म्हणजे रिपोर्टवरची शुगर आणि तुमच्या थेंबातली शुगर एक नाही. दुसरं, हिमोलाइज झालेलं, म्हणजे गुलाबी दिसणारं सीरम बाजूलाच काढा, आणि जेवणानंतरचं दुधाळ असेल तर तशी नोंद ठेवा. लॅबवाल्यांना सांगून ठेवा, रक्त घेतल्याची आणि सेंट्रिफ्यूज केल्याची वेळ तुमच्या कोड नंबरपुढे लिहून देतील, एवढं काही अवघड नाही. आणि ग्लोव्ह्ज घाला, वाळलेला थेंब पण संसर्गाचाच माल धरायचा.

फिजिक्सवाली_मिरज

@वर्णपट सर, खूप खूप आभार. नुसत्या स्लाइडचं रीडिंग तिथल्या ऑपरेटर मॅडमकडून फोनवर विनंती करून मागवलं, फुगवटा जसाच्या तसा, सीरम नसताना! फॉइलची तयारी करते. @रक्तपेढीकर दादा, वेळेचं कुणीच सांगितलं नव्हतं हो, आजच लॅबला फोन करते, इथून पुढच्या सगळ्या सॅम्पलवर वेळ लिहून घेईन.

आता ५३२ चं काय करू? तिथले ११५७ आणि १५२० इतके स्वच्छ येतात, आणि डायबेटिसवाल्यांत ते कमी दिसतायत असं वाटतंय, मला तर हाच निकाल मिळाला असं वाटायला लागलं होतं.

वर्णपट

थांबा, तिथेच सगळ्यात जास्त जपायला हवं. ११५७ आणि १५२० हे कॅरोटिनॉइडचे पीक. हिरव्या ५३२ ला कॅरोटिनॉइड रेझोनन्समध्ये येतं (तो रंग ते शोषतं, त्यामुळे त्याचा सिग्नल कित्येक पट वाढतो) म्हणून रक्तात अगदी थोडं असूनही ते प्रोटीनवर मात करतं. त्याचाही एक पीक १००४-१००६ ला असतो, त्यामुळे ५३२ वरच्या १००४ ला नुसतं फेनिलअ‍ॅलनिन म्हणू नका.

आणि माणसाचं शरीर कॅरोटिनॉइड तयार करत नाही, ते खाण्यातून येतं, गाजर, पपई, पालेभाज्या. डायबेटिस कळल्यावर माणसाचं खाणं बदलतं, कुणाची पपई-आंबा बंद होतो, कुणाच्या पालेभाज्या वाढतात. म्हणजे तुम्हाला दिसतोय तो फरक आजाराचा की ताटातल्या जेवणाचा हे या डेटावरून सांगता येणार नाही. वर कॅरोटिनॉइड उजेडात विरतं, सॅम्पल खिडकीत राहिलं की पीक कमी. ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सगळ्यांना सारखंच वागवा.

मी ७८५ धरेन. सिग्नल कमी येईल, रामनची तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताने उतरते, ५३२ च्या तुलनेत साधारण पावणेपाच पट कमी, पण सीरमचा स्वतःचा फ्लोरोसन्स त्याहून जास्त उतरतो. तेव्हा एक्स्पोजर वाढवा. रीडिंगआधी तोच स्पॉट थोडा वेळ लेझरखाली राहू द्या, बॅकग्राउंड हळूहळू खाली येते. पॉवर मात्र बेताने. १३५० आणि १५८० ला दोन रुंद उंचवटे उगवायला लागले की समजा सीरम जळून कार्बन होतोय. आणि रोज पहिलं रीडिंग सिलिकॉनच्या तुकड्याचं, त्याचा पीक ५२०.७ ला आला म्हणजे मशीन बरोबर, मगच पुढे.

ग्लुकोजबद्दल तुमच्या गाइडना हा हिशोब दाखवा: सीरममध्ये प्रोटीन डेसिलिटरला ६ ते ८ ग्रॅम, आणि शुगर २०० असली तरी ती ०.२ ग्रॅम. ३०-४० पट प्रोटीनच्या गर्दीत, आणि ११२५ च्या आसपास प्रोटीन आणि लिपिडचे पण पीक आहेत. डोळ्याने दिसणार नाही, नाही दिसला तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

डेटावाला_पुणे

बेसलाइन वजा करण्याबद्दल. चालतं, पण काच काढल्यानंतर. काचेच्या फुगवट्यावर पॉलिनोमियल (गणिती वक्ररेषा) बसवली तर ती पीकचे पाय पण खाते आणि प्रत्येक थेंबाची जाडी वेगळी असल्यामुळे प्रत्येक वेळी वेगळं खाते. फॉइलवर आल्यावर कमी घाताची पॉलिनोमियल किंवा असिमेट्रिक लीस्ट स्क्वेअर्स (बेसलाइन काढायची दुसरी पद्धत), जी घ्याल ती सगळ्या स्पेक्ट्रमना एकाच सेटिंगने. कॉस्मिक रेचे (अवकाशातून येणाऱ्या किरणांचे) सुईसारखे पीक त्याआधी काढा.

दुसरं म्हणजे थेंब वाळताना प्रोटीन कडेला जाऊन जमतं, सांडलेल्या चहाचा डाग कडेला गडद होतो ना तसं, म्हणून एका थेंबावर कडेपासून मध्यापर्यंत ठरलेल्या जागांवर रीडिंग घ्या, जिथे छान पीक येतो तिथेच नको. आणि एका पेशंटचे दहा स्पेक्ट्रम म्हणजे दहा पेशंट नव्हेत! दोन गट ओळखणारं मॉडेल तपासताना एका वेळी एक अख्खा पेशंट बाहेर ठेवायचा, त्याचे सगळे स्पेक्ट्रम एकदम. नाहीतर अचूकता फुगून येते आणि व्हायवाला पहिला प्रश्न त्यावरच येतो. पीसीए (स्पेक्ट्रममधले मुख्य फरक वेगळे काढायची पद्धत) केल्यावर लोडिंगचा, म्हणजे कुठल्या वेव्हनंबरमुळे फरक पडतोय त्याचा, ग्राफ जरूर बघा, त्यात १३८० चा फुगवटा दिसला तर तुम्ही अजून काचच वेगळी करताय.

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलची कॅन्सर संशोधन संस्था) तोंडाच्या कॅन्सरवर रामन घेऊन वर्षानुवर्षं काम झालंय, सीरमवरचे पेपर पण आहेत. निकाल सोडा, त्यांचा मेथड्सचा भाग नीट वाचा.

फिजिक्सवाली_मिरज

एवढं सगळं कुणी एका जागी सांगितलं नव्हतं, मनापासून धन्यवाद सगळ्यांना. गाइडशी बोलले, प्रोटीन-ग्लुकोजचा हिशोब त्यांना पटला, आता ग्लुकोजचा एकच पीक न शोधता ७८५ वर अख्खा स्पेक्ट्रम तुलना करायचं ठरलंय. एक शेवटचं, थेंब न वाळवता क्युव्हेटमध्ये (पारदर्शक चौकोनी नळी) ओलंच सीरम घेतलं तर कडेचा प्रश्नच मिटेल ना?

वर्णपट

मिटेल, पण सिग्नल आणखी पातळ होईल आणि पाण्याचा १६४० चा पीक प्रोटीनच्या अमाइड-वन पीकवर, १६५५ ला, येऊन बसेल, तो वजा करायला शुद्ध पाण्याचं वेगळं रीडिंग लागेल. क्युव्हेट क्वार्ट्झचीच, काचेची नको. तासावर पैसे जात असतील तर या स्लॉटला फॉइलवरच जा, आणि जाताना रिकामी फॉइल चिकटवलेली एक स्लाइड जास्तीची न्या, ब्लँकसाठी, म्हणजे थेंबाशिवायच्या रीडिंगसाठी. त्या खोलीत ७८५ चा गॉगल घातल्याशिवाय बसू नका, तो लेझर डोळ्याला जेमतेम दिसतो, पण इजा पूर्ण करतो.