निंबोळी अर्क मारूनही कांद्यावरचे थ्रिप्स (फुलकिडे) हटत नाहीत, चुकतंय कुठं?

उन्हाळकांदा_येवला
राम राम मंडळी. उन्हाळ कांदा आहे, लागवडीला दीड महिना होत आला. थ्रिप्स वाढलेत, पातीवर चंदेरी चट्टे आहेत आणि काही रोपांची पात पीळ धरतेय. घरच्या निंबोळ्यांचा ५ टक्के अर्क केला. ५ किलो निंबोळ्या टरफलासकट भरडल्या, १० लिटर पाण्यात उकळून रात्रभर ठेवल्या, फडक्यातून गाळून १०० लिटर पाणी केलं, वरून २०० ग्रॅम साबण पावडर. पाणी विहिरीचं, पीएच ८.२. सकाळी नऊला फवारलं. दुसऱ्या दिवशी पात झटकून पाहिली तर थ्रिप्स तेवढेच. शिवाय नोझल सारखं चोक होत होतं. प्रमाण वाढवू, की दुकानातलं निम घेऊ? बाटल्यांवर ३००, १५००, १०००० पीपीएम असं असतं, त्यातलं कोणतं?

निफाडकर_बागायत
भाऊ, प्रमाण वाढवून उपयोग नाही. कृतीतच तीन-चार ठिकाणी अझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतला किडीवर काम करणारा घटक, वाया गेलंय.

पहिली गोष्ट, उकळायचं नाही. हा घटक उष्णतेनं मोडतो. भरड साध्या गार पाण्यातच भिजवायची. दुसरी, ५ टक्के म्हणजे १०० लिटरला ५ किलो गर (टरफलाच्या आतलं बी), टरफल धरून नव्हे. वाळलेल्या निंबोळीत गर वजनाला निम्म्याच्या आसपास भरतो, म्हणजे १०० लिटरला साधारण १० किलो निंबोळ्या लागतात. तुमचा अर्क जेमतेम अडीच टक्क्यांचा झाला. गरातही अझाडिरॅक्टिन साधारण ०.२ ते ०.६ टक्के, झाडागणिक आणि साठवणीगणिक वेगळं. जून-जुलैत पडलेल्या पिवळ्या निंबोळ्या, वरचा चिकट मगज धुऊन, सावलीत वाळवून, गोणपाटात ठेवलेल्या असतील तर माल चांगला. प्लास्टिकच्या पोत्यात भरलेल्या, आतून काळ्या पडलेल्या, बुरशीचा वास येणाऱ्या असतील तर फेकून द्या. वर्ष उलटलेला मालही नको.

तिसरी गोष्ट वेळेची. उन्हातल्या अतिनील किरणांनी हा घटक पानावर एक-दोन दिवसांत निम्म्यावर येतो. सकाळी नऊला मारलं म्हणजे लगेच दिवसभराचं ऊन मिळालं. ऊन उतरल्यावर फवारा, रात्र तरी पदरात पडते.

आता मुख्य मुद्दा. दुसऱ्या दिवशी मोजणी करून निंबोळी अर्काला नापास करू नका. हे कीड जागेवर पाडणारं विष नाही. किडीची खाण्याची इच्छा मरते आणि कात टाकायच्या संप्रेरकाचं काम बिघडतं. म्हणजे मार बसतो तो पिल्लांवर, पंख फुटलेल्या प्रौढांवर फारसा नाही. अंडी पातीच्या आत घातलेली असतात आणि कोष मातीत, तिथं फवारा पोचतच नाही. म्हणून ७ ते १० दिवसांनी पुन्हा मारावं लागतं. पांढऱ्या कागदावर रोप झटका आणि फिकट पिवळी, बिनपंखी पिल्लं वेगळी मोजा. पाचव्या-सहाव्या दिवशी तीच कमी दिसली पाहिजेत. तपकिरी प्रौढ शेजारच्या वावरातून रोज उडून येतात, त्यांच्यावरून काही ठरवू नका.

आणि रोपाला तीसच्या वर थ्रिप्स गेले असतील तर एकट्या निंबोळीच्या भरवशावर बसू नका. ती सुरुवातीची फवारणी आहे. आग लागल्यावरची नाही.

पाणी_आणि_पीएच
वरचं सगळं बरोबर, पण नोझलचं उत्तर राहिलं. ते पाण्यात आहे. येवला-निफाड पट्ट्यात बऱ्याच विहिरींचं पाणी जड. कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरून दह्यासारखा चोथा करतात. तोच जाळीत अडकतो, आणि साबण पाण्यातून गेला की थेंब पातीवरून घरंगळतो. कांद्याची पात मेणचट, ती तशीही पाणी धरत नाही. खात्री करायची तर पाण्याच्या बाटलीत चिमूटभर साबण टाकून हलवा. फेस न येता पांढरे कण तरंगले की समजा.

शिवाय ८.२ पीएचला अझाडिरॅक्टिन भराभर मोडतं. ते टिकतं आम्लधर्मी पाण्यात, साधारण ४ ते ६ पीएचला. १ लिटर पाण्यात सायट्रिक अॅसिड चिमटी-चिमटीनं टाकून ६ पीएचला किती ग्रॅम लागलं ते बघा आणि तेवढं टाकीच्या हिशोबानं घ्या. पण एक ध्यानात ठेवा, आम्ल केलेल्या पाण्यात साबण टाकायचा नाही. साबण फुटून तेलकट तवंग येतो. तिथं नॉन-आयॉनिक स्प्रेडर (साबण नसलेलं, थेंब पसरवणारं द्रावण) वापरा. पावसाचं पाणी भरलेलं शेततळं असेल तर आधी त्याच्या पाण्याचा पीएच बघा, बरेचदा या भानगडीच टळतात.

पीपीएमचा हिशोब सोपा आहे. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत अझाडिरॅक्टिनचे किती भाग. १०००० पीपीएम म्हणजे १ टक्का, मिलीला १० मिलिग्रॅम. लिटर पाण्याला २ मिली टाकलं तर २० मिलिग्रॅम पडतं. १५०० पीपीएमचं ५ मिली म्हणजे साडेसात. ३०० पीपीएमचं ५ मिली म्हणजे फक्त दीड. बाटलीची किंमत न बघता मिलिग्रॅमची किंमत काढा, ३०० वालं स्वस्त वाटतं तेवढं स्वस्त नसतं. डोस मात्र लेबलवरचाच.

उन्हाळकांदा_येवला
शेततळं आहे, तेच पाणी वापरतो. एकरी पाणी किती घ्यावं? आणि भावाची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, तिथं हा घरचा अर्क चालेल का?

निफाडकर_बागायत
एकरी २०० लिटर, म्हणजे १० किलो गर. पिल्लं पातीच्या बेचक्यात, अगदी मानेजवळ दडलेली असतात. वरून शिंतोडे मारून काही होत नाही. हॉलो कोन (पोकळ शंकूसारखा फवारा देणारं) नोझल घ्या, वरून रोपाच्या मधोमध रोख धरा, बेचकं ओलं व्हायला हवं. भिजवलेला अर्क त्याच दिवशी संपवा. पुढच्या हंगामात लागवडीच्या महिनाभर आधी कडेनं मक्याच्या दाट ओळी लावा, बाहेरून येणारे थ्रिप्स बऱ्यापैकी अडतात.

दिंडोरी_थॉमसन
द्राक्षात ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर निंबोळी चालते. मणी धरल्यावर मात्र घरचा अर्क बंद. त्यातला तेलाचा अंश आणि गाळ मण्यावर डाग पाडतो, मण्यावरचा नैसर्गिक मेणचट पांढुरका थर जातो, आणि मग व्यापारी भाव पाडतो. बोर्डोबरोबर (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) कधीच मिसळू नका, चुन्यानं पीएच चढतो. भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधक मारलं असेल तर तेलकट निम फवारणीत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं करपतात.

‘हर्बल’ म्हणून मिळणाऱ्या, घटक न लिहिलेल्या बाटल्यांपासून निर्यातीच्या बागेनं लांबच राहावं. वनस्पतीचा अर्क म्हणून विकलेलं औषध तासाभरात थ्रिप्स खाली पाडत असेल तर त्यात रासायनिक काहीतरी असण्याचीच शक्यता जास्त. रेसिड्यू (मालावर उरलेला औषधाचा अंश) तपासणीत ते निघतं, आणि मग फवारणीच्या वहीत काय लिहिणार? नोंदणी क्रमांक आणि अझाडिरॅक्टिनची टक्केवारी छापलेलीच बाटली घ्या, पक्क्या बिलासकट.

टोमॅटो_पिंपळगाव
तंबाखूचं पाणी कसं? आमच्याकडं मावा-थ्रिप्सला बरेच जण मारतात.

पाणी_आणि_पीएच
टोमॅटोवर तर अजिबात नको. तंबाखूतला मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही तग धरतो, आणि टोमॅटो त्याच कुळातला. मावा जाईल, मोझॅक येईल. निकोटीन माणसालाही घातक आहे, कातडीतून अंगात शिरतं, ओल्या कपड्यानं फवारणाऱ्याला मळमळ आणि चक्कर येते. सीताफळाच्या बियांचा अर्कही जपून हाताळा, डोळ्यात उडाला तर डोळा सुजतो. भरडताना चष्मा लावा.