कन्सोलवर ऑनलाइन खेळण्यासाठी वेगळे पैसे का मोजायचे?

मूळ प्रश्न

मुलाच्या वाढदिवसाला आम्ही कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळण्याचे यंत्र) घेतला आणि त्याच्यासोबत फुटबॉलचा गेमही पूर्ण किमतीला विकत घेतला. घरातल्या इंटरनेटचे पैसे आम्ही दरमहा भरतोच. तरीही मित्रांशी सामना खेळायचा म्हटल्यावर आधी वार्षिक सदस्यत्व घ्यावे लागेल, असे पडद्यावर आले. भाच्याकडे संगणकावर तोच गेम आहे आणि त्याला असे काही भरावे लागत नाही. हे शुल्क नेमके कशाचे आहे आणि ते न्याय्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००२ मध्ये आपल्या एक्सबॉक्स कन्सोलसाठी एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन सेवा सुरू केली तेव्हा वर्षाला सुमारे ५० डॉलर आकारले होते, आणि त्या काळी त्या पैशांचे मोल मिळत होते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. सोनीच्या प्लेस्टेशन २ या कन्सोलवर गेम बाजारात आणणाऱ्या प्रत्येक प्रकाशकाची व्यवस्था निराळी असे. एक्सबॉक्सवर मात्र सगळ्या गेमसाठी एकच नाव, एकच मित्रयादी आणि हेडसेटवरून बोलण्याची सोय होती. पुढे या सोयी इतरत्र फुकट मिळू लागल्या, शुल्क मात्र कायम राहिले. प्लेस्टेशन ३ वर ऑनलाइन खेळणे विनामूल्य होते. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला आणि सोनीनेही सदस्यत्व सक्तीचे केले. सप्टेंबर २०१८ मध्ये निन्टेंडोने आपल्या स्विच या कन्सोलसाठी तीच वाट धरली. मायक्रोसॉफ्टने विंडोजवरही असे शुल्क लावून पाहिले होते, पण ते २००८ मध्ये मागे घ्यावे लागले, कारण संगणकावर खेळणाऱ्याला दुसरे मार्ग मोकळे असतात. कन्सोलचे दार एकाच कंपनीच्या हाती असते आणि माझ्या मते शुल्क टिकण्याचे खरे कारण हेच आहे.

दुसरे उत्तर

कन्सोल अनेकदा तोटा सोसून विकला जातो, हेही लक्षात घ्यायला हवे. प्लेस्टेशन ३ तसाच विकला गेला होता. ती तूट कुठून तरी भरून काढावीच लागते, आणि सदस्यांना दरमहा काही गेमही मिळतात.

तिसरे उत्तर

तूट भरून काढायची असेल तर ती कन्सोलच्या किमतीत दाखवावी, म्हणजे घेणाऱ्याला खरा खर्च आधीच कळेल. हे शुल्क सर्व्हरच्या, म्हणजे ऑनलाइन सामने चालवणाऱ्या संगणकांच्या, खर्चासाठी असते असेही सांगितले जाते, पण ते मला पटत नाही, कारण पुष्कळ गेमचे सर्व्हर प्रकाशकच चालवतात. २००९ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ मध्ये तर सामना खेळाडूंपैकीच एकाच्या कन्सोलवरून चालत असे, आणि एक्सबॉक्स ३६० वर त्यासाठीही सदस्यत्व लागे. याहून मोठी विसंगती म्हणजे ‘फोर्टनाइट’सारखा फुकट गेम आज सदस्यत्वाशिवाय ऑनलाइन खेळता येतो, पण ज्याने पूर्ण किंमत मोजून गेम घेतला त्यालाच अडवले जाते. जानेवारी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली सदस्यत्वाची दरवाढ खेळाडूंच्या संतापामुळे त्याच दिवशी मागे घेतली आणि एप्रिलपासून फुकट गेमना या अटीतून सूट दिली. दर ग्राहकांच्या सहनशक्तीवर ठरतो, हे त्यातून मला स्पष्ट दिसले. मासिक गेम हवे असणाऱ्यांनी जरूर पैसे द्यावेत. विकत घेतलेल्या गेममधला सामना मात्र मोकळाच असायला हवा.

मूळ प्रश्नकर्ता

सविस्तर माहितीबद्दल आभार. धाकट्या मुलीचे खाते वेगळे आहे. तिच्यासाठीही सदस्यत्व घ्यावे लागेल का?

पहिले उत्तर देणारे

प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स असेल तर नाही. सदस्य खात्याचा मुख्य कन्सोल म्हणून तो नोंदवला, की त्यावरच्या इतर खात्यांनाही ऑनलाइन खेळता येते. स्विचवर मात्र प्रत्येकाचे वेगळे किंवा कुटुंबासाठीचे सदस्यत्व घ्यावे लागते.